पाणी बदललं आणि रात्रीत मासे गेले: क्लोरीन की आणखी काही?

मुलुंडकर_३फुटी
मंडळी, मदत हवी आहे. जरा लांबणार आहे, पण अर्धवट सांगितलं की तुम्ही परत चार प्रश्न विचारणार म्हणून एकदाच सगळं लिहितो. टाकी ३ फुटी (३६ बाय १५ बाय १८ इंच), पाणी धरा १४० लिटर, दोनेक वर्षं चालू आहे. आत एक इंटर्नल फिल्टर, एक स्पंज, हीटर नाही, मुंबईत काय करायचाय हीटर. एंजलची जोडी, सर्पे टेट्रांचा थवा, चार-पाच कोरी आणि एक सकर, जो घेतला तेव्हा बोटाएवढा होता आणि आता वीतभर झालाय. मॉल्या पण होत्या पण त्या गेल्या काही महिन्यांत एकेक करून गेल्या, वय झालं असेल म्हणून सोडून दिलं.

मे महिन्यात आम्ही गावी गेलो, चावी आणि खाण्याचा डबा शेजारच्या काकूंकडे. काकू प्रेमळ आहेत, माशांना पण आग्रह करकरून वाढलं असणार. परत आलो तर पाणी एकदम नितळ, फक्त पातळी चार बोटं खाली आणि तळाला घाण. म्हणून सायफन लावून अर्ध्याच्या वर पाणी काढलं, नवीन भरलं, अँटीक्लोरीन टाकलं आणि बाटलीवर लिहिलंय त्याच्या दुप्पट टाकलं. हे दुपारी. संध्याकाळी सगळे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले, टेट्रा वेड्यासारखे काचेवर आपटत होते, आणि झोपायच्या आधी जवळजवळ सगळे टेट्रा, दोन कोरी आणि मादी एंजल गेली. नर एंजल कोपऱ्यात तिरका उभा आहे. सकरला काहीच झालेलं नाही. सोसायटीत सध्या पालिकेचं पाणी कमी येतं म्हणून टँकर मागवतात आणि दोन्ही एकाच टाकीत जातं. बायको म्हणते टँकरमध्ये काहीतरी होतं. काय करू?

दादर_टीटी
क्लोरीन. शंभर टक्के. उन्हाळ्यात टँकरवाले पावडर मारतात हाताला येईल तेवढी, आणि ते अँटीक्लोरीनचे थेंब म्हणजे निम्मं पाणीच असतं. वर येऊन श्वास घेणं, उड्या मारणं, सगळी लक्षणं तीच. गिल्स (कल्ले) जळतात.

निळं_औषध
मिथिलीन ब्लू टाका आणि खडे मीठ. माझ्याकडे कायम असतं.

खाडीवाली
निळं_औषध, थांबा हो जरा, आधी काय झालंय ते तरी कळू दे. मिथिलीन ब्लूने फिल्टरमधले उरलेसुरले बॅक्टेरिया पण जातील.

मुलुंडकर, आत्ता ताबडतोब: एअर पंप असेल तो फुल चालू करा, नसेल तर फिल्टरचं तोंड वर करून पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवा. २९-३० डिग्रीला पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी राहतो, लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास आणि तोही पूर्ण भरलेला असेल तर. खाणं बंद. मेलेले काढा, कुंड्यांच्या मागे आणि लाकडाखाली पण बघा. कुठलंही औषध नको.

आता प्रश्न. याआधी पाणी कधी आणि किती बदललं होतं? हेच पाणी घरात अजून कुठल्या माशाला घातलं का? टाकीत गोगलगायी आहेत का, असतील तर शंख कसे दिसतायत? आणि जुनं काढलेलं पाणी सगळं ओतून दिलंत की थोडं कुठे शिल्लक आहे?

मुलुंडकर_३फुटी
एअर पंप चालू केला. उत्तरं देतो. पाणी पूर्ण असं मी बदलत नाही, कमी झालं की भर घालतो, दुकानदारानेच सांगितलं होतं की जुनं पाणी माशांना मानवतं, जास्त हात घालू नका. मुलाच्या टेबलावर बरणीत एक फायटर आहे, त्याचं पाणी त्याच दिवशी त्याच नळाचं, तेच अँटीक्लोरीन, तो मजेत आहे, मगाशीच आरशात बघून भांडत होता. गोगलगायी आहेत, त्या छोट्या, झाडांबरोबर फुकट आल्या होत्या. शंखांवर पांढरे चट्टे आहेत आणि टोकं झिजल्यासारखी दिसतात, मला वाटलं म्हाताऱ्या झाल्या. आणि जुनं पाणी आईने गॅलरीत दोन बादल्या भरून ठेवलंय, कुंड्यांना घालते ती, म्हणते कढीपत्त्याला चांगलं लागतं.

खाडीवाली
आईंना सांगा एक बादली अजिबात हलवायची नाही!! कढीपत्ता दोन दिवस थांबेल.

उद्या किट आणा, थेंबांचं, पट्ट्या नकोत. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच आणि केएच (पाण्याची आम्ल पचवायची ताकद). केएचचं बहुतेक वेगळं घ्यावं लागतं आणि लोक नेमकं तेच घेत नाहीत. कुर्ल्याला किंवा क्रॉफर्ड मार्केटला मिळेल. चार ठिकाणचं पाणी मोजा: टाकी, बादली, नळ आणि फायटरची बरणी.

दादर_टीटी
फायटर हवेतून पण श्वास घेतो, त्याचा पुरावा चालत नाही.

खाडीवाली
मुद्दा बरोबर आहे, लॅबिरिंथ ऑर्गन असतो त्याला. पण क्लोरीनने गिल आणि कातडी जळते ती जळतेच, पंख चिकटतात, अंगावर चिकट थर येतो, आरशाशी भांडत बसत नाही तो. तरी तपासायचं असेल तर मुलुंडकर, तुमच्या किंवा शेजारच्या कॉम्प्लेक्समध्ये स्विमिंग पूल आहे का? पूलवाल्याकडे थेंब असतात, क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. नळाचं ताजं पाणी घेऊन जा. एक मिनिटाचं काम.

गप्पी_परळ
मी फक्त वाचायला बसलोय. चहा घेऊन.

मुलुंडकर_३फुटी
किट मिळालं. आकडे देतो, ऑफिसला दांडी मारून केलेत, तेव्हा नीट वाचा.

बादली (जुनं पाणी): पीएच चार्टवरचा सगळ्यात खालचा पिवळा, म्हणजे ६ किंवा त्याच्याही खाली. अमोनिया ४ (लिटरला मिलिग्रॅम). नायट्राइट ०. नायट्रेट इतका लाल की ८० आणि १६० मधला फरक मला कळत नाही. केएच पहिल्याच थेंबाला पिवळं झालं, निळं झालंच नाही.

टाकी (आत्ताची): पीएच ७.८, अमोनिया १ आणि २ च्या मध्ये, नायट्राइट ०, केएच ३.

नळ: पीएच ७.८, अमोनिया ०, केएच ५.

फायटर: पीएच ७.६, अमोनिया ०.२५.

पूलवाल्याने थेंब टाकले, नळाचं पाणी अगदी फिकट पिवळं झालं, तो म्हणाला नेहमीसारखंच आहे, त्याच्या पूलमध्ये याच्या कितीतरी पट असतं.

शेवाळ्या
आई गं. हा तर पुस्तकातला नमुना आहे. बादलीने केस सोडवली.

मुलुंडकर, तुमचे मासे नळाच्या पाण्यातल्या कशाने नाही गेले. नळाचं पाणी चांगलं होतं म्हणून गेले. विचित्र वाटेल पण हिशोब बघा.

टाकीत माशांच्या घाणीतून येणारा अमोनिया दोन रूपांत असतो, एक अमोनियम, जो माशाला फारसा काही करत नाही, आणि एक मोकळा अमोनिया, जो विष आहे. किट दोघांची बेरीज दाखवतं. कुठलं किती हे पीएच आणि तापमान ठरवतं. २९ डिग्रीला पीएच ६ असेल तर मोकळा हजारात एक भाग पण नाही. पीएच ७ ला शंभरात एकाच्या आत. पीएच ८ ला शंभरात सातेक. म्हणजे पीएच एकाने वाढला की विष जवळजवळ दहापट.

तुमच्या जुन्या पाण्यात बेरीज ४ होती पण पीएच ६, म्हणजे मोकळा अमोनिया ०.००३ च्या आसपास. मासे त्यात जगत होते, सुखात नव्हते पण जगत होते. तुम्ही ६० टक्के पाणी बदललंत, बेरीज ४ वरून १.६ झाली, कागदावर सुधारणा. पण पीएच गेला ७.८ वर, तिथे मोकळा साडेचार टक्के, म्हणजे ०.०७. वीसपटीहून जास्त, दोन तासांत. साधारण ०.०२ च्या पुढे गिल्सना त्रास सुरू होतो असं धरतात. वर पीएचचा एवढा धक्का आहेच.

याला ओल्ड टँक सिंड्रोम म्हणतात.

दादर_टीटी
हे सगळं मान्य, तरी टँकरच्या पाण्यावर माझा विश्वास नाही.

शेवाळ्या
ठेवूच नका. टँकरचाच तर हात आहे यात, पण क्लोरीनचा नाही. पालिकेचं नुसतं पाणी असतं तर पीएच एवढा उडाला नसता, केएच ५ हे टँकरमधल्या बोअरच्या पाण्याचं काम दिसतंय.

मुलुंडकर_३फुटी
मला एक कळत नाही. फिल्टर दोन वर्षं चालू होता, बॅक्टेरिया होते, मग अमोनिया ४ झालाच कसा? आणि पीएच ६ कोणी केला, मी तर काहीच टाकलं नाही.

खाडीवाली
काहीच टाकलं नाही म्हणूनच. हे मला सविस्तर लिहू दे, कारण मुंबईत राहणाऱ्या प्रत्येक टाकीवाल्याला लागू आहे आणि बाहेरची माहिती वाचून लोक गोंधळतात, तिकडे चुनखडीचं कडक पाणी असतं.

आपलं पाणी भातसा, तानसा, वैतरणा इथून येतं. पावसाचं पाणी, खाली काळा बसाल्ट, चुनखडी नाही. त्यामुळे पाणी मऊ. माझ्याकडे भांडुपला नळाला केएच २ येतो, पावसाळ्यात कधीकधी त्याहून कमी. केएच म्हणजे पाण्यातलं बायकार्बोनेट, जे आम्ल पचवतं. जोपर्यंत केएच आहे तोपर्यंत पीएच जागेवर राहतो. केएच संपला की पीएच घसरतो, आणि सावकाश नाही, एकदम.

केएच खातं कोण? तुमचाच फिल्टर. बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं. एक मिलिग्रॅम अमोनिया (नायट्रोजन धरून) पचवायला साधारण ७ मिलिग्रॅम अल्कलिनिटी लागते. केएचचा एक अंश म्हणजे १७.९ मिलिग्रॅम, तर केएच २ म्हणजे ३६. भागा सातने. लिटरमागे पाचेक मिलिग्रॅम अमोनिया पचला की शिल्लक शून्य. वीतभर सकर असलेल्या टाकीत हे किती लवकर होत असेल बघा, सकर म्हणजे शेणाचा कारखाना. पाणी बदललं असतं तर प्रत्येक वेळी थोडा केएच नव्याने आला असता. नुसती भर घातल्याने तो येतो तुटपुंजा आणि नायट्रेट मात्र सगळं आतच राहतं, पाणी उडतं, नायट्रेट उडत नाही.

मग पीएच साडेसहाच्या खाली गेला की हे बॅक्टेरिया सुस्तावतात आणि ६ च्या आसपास जवळजवळ बंद. मेले नाहीत, बसलेत. इकडे मासे खातायत, हगतायत, काकू आग्रह करतायत, अमोनिया साठतोय, पण पीएच कमी म्हणून तो अमोनियम होऊन गप्प पडलाय. पाणी नितळ. बघणाऱ्याला वाटतं काय छान टाकी आहे.

मॉल्या एकेक करून का गेल्या ते पण आता कळलं असेल, मॉलीला कडक पाणी लागतं, आंबट पाण्यात ती अंग थरथरवत कुढत राहते. आणि गोगलगायींचे शंख म्हणजे चुनाच, आंबट पाण्यात विरघळतात. त्या बिचाऱ्या कधीपासून सांगत होत्या.

मुलुंडकर_३फुटी
समजलं. आता नर एंजल आणि तीन कोरी वाचवायच्या आहेत. पाणी बदलू की नको? एकाने व्हॉट्सअपवर सांगितलं की आता अजिबात हात लावू नको, रोज फक्त दहा टक्के.

निळं_औषध
दहा टक्केच. मोठं पाणी बदलूनच तर हे झालं ना.

शेवाळ्या
नाही. दहा टक्क्यांचा नियम पहिल्या दिवशी हवा होता, जेव्हा टाकी ६ वर आणि नळ ७.८ वर होता. आता टाकी पण ७.८ वर आहे. धक्का जो बसायचा तो बसून गेला. आता आत दीड-दोन अमोनिया ७.८ पीएचला आहे, ते विष रोज थोडं थोडं ठेवून काय मिळणार? त्याच नळाचं, त्याच तापमानाचं, अँटीक्लोरीन टाकलेलं पाणी निर्धास्त ४०-५० टक्के बदला, उद्या परत मोजा आणि परत बदला. फक्त प्रत्येक वेळी भरायच्या आधी नळाचा पीएच बघा, तुमच्याकडे टँकर आणि पालिका यांचं मिश्रण रोज वेगळं असणार.

खाडीवाली
शेवाळ्याला अनुमोदन. सीकेम प्राइम किंवा तसलं कंडिशनर मिळालं तर घ्या, २४ ते ४८ तास अमोनिया बांधून ठेवतं असा कंपनीचा दावा आहे, पण ते पाणी बदलण्याऐवजी नाही, त्याच्या जोडीला. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवू नका, धुवायचाच तर टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळा.

आणि आता खायचा सोडा वगैरे टाकायचा नाही. अमोनिया शून्य होईपर्यंत पीएच आणखी वर नेणारं काहीही नको.

गप्पी_परळ
खायच्या सोड्याऐवजी इनो चालेल का, घरात तेच आहे

शेवाळ्या
इनोमध्ये सायट्रिक आम्ल असतं, सोडा तिथल्या तिथे फसफसून संपतो. बेकिंग पावडर पण नाही. पुढे कधी टाकायचाच झाला तर नुसता खायचा सोडा.

मुलुंडकर_३फुटी
अपडेट. रोज अर्धं पाणी बदलतोय, पाठ धरली आहे पण अमोनिया आता ०.२५ च्या आसपास. एंजल सरळ झाला, काल थोडं खाल्लं. एक कोरी गेली. आज नवीनच दिसलं, नायट्राइट ०.५ आलाय, आधी शून्य होता. परत काही बिघडलं का?

खाडीवाली
उलट, कामगार कामावर आलेत. अमोनिया खाणारे आधी जागे झाले, नायट्राइट खाणारे मागून येतील. दरम्यान नायट्राइट रक्तात शिरून ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद घालवतं, रक्त चॉकलेटी होतं. इथे मात्र निळं_औषध यांचं खडे मीठ उपयोगाचं आहे, १० लिटरला १ ग्रॅम पुरे, मिठातला क्लोराइड गिल्समधून नायट्राइटला आत येऊ देत नाही. भरमसाट नको, कोरींना सोसत नाही. पाण्यात विरघळवून टाका. आणि खाणं एक दिवसाआड, चिमूटभर.

निळं_औषध
😊

मुलुंडकर_३फुटी
पुढचं विचारतो, नायट्राइट गेलं की केएच टिकवायचा कसा? दर आठवड्याला पाणी बदलणार हे ठरलं. पण टँकर पावसाळ्यात बंद होईल आणि मग नळाला पण केएच २ येणार.

खाडीवाली
तिसऱ्या खाता का?

मुलुंडकर_३फुटी
खातो म्हणजे काय, मालवणचे आहोत.

खाडीवाली
मग संपला विषय. तिसऱ्यांच्या शिंपल्या उकळा, आतला चिकटलेला मांसाचा बारीक दोरा असतो तो ब्रशने घासून काढा (तो राहिला तर तोच सडून अमोनिया करेल), उन्हात खडखडीत वाळवा, जाडसर फोडा आणि जुन्या मोज्यात भरून फिल्टरच्या तोंडाशी ठेवा. १४० लिटरला दोन मुठी टाकून बघा. शिंपलीचं बरं हे की पाणी आंबट व्हायला लागलं तरच ती विरघळते, पाणी ठीक असेल तर नुसती बसून राहते, त्यामुळे पीएच एकदम उसळत नाही. वर्षभरात कडा पातळ झाल्या की बदला.

घाई असेल तर खायचा सोडा. ६ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा, ५० लिटरला केएच ४ ने वाढवतो. एका वेळी त्याच्या चौथाई, विरघळवून, आणि दुसऱ्या दिवशी मोजून मगच पुढचं. एंजल-टेट्रांना केएच ३-४ भरपूर झाला, अगदी कडक करायची गरज नाही.

दर पाणी बदलायच्या आधी केएच बघायचा. पीएच नाही, केएच. पीएच पडलेला दिसतो तोपर्यंत उशीर झालेला असतो.

गप्पी_परळ
हे वाचून मी पण माझं मोजलं. मी गप्पींना आरओचं पाणी घालतो, शुद्ध म्हणून. केएच ०, पीएच ६ च्या खाली, अमोनिया १, नायट्रेट ०. नायट्रेट शून्य म्हणजे चांगलंच ना?

शेवाळ्या
अरे तू कुठे आरओ घालतोस, परळला पालिकेचं इतकं छान पाणी येतं! आरओ म्हणजे केएच काढूनच टाकलेलं पाणी, आणि गप्पीला तर क्षार लागतात. पण नायट्रेट शून्यावर माझा विश्वास नाही. दुसरी बाटली ३० सेकंद जोरात हलवली होतीस का? आणि मग नळी एक मिनिट?

गप्पी_परळ
बाटली हलवायची असते??

गप्पी_परळ
परत केलं. लाल. आता मुलुंडकरांनी केलं तसं अर्धं पाणी बदलतो नळाचं.

खाडीवाली
नको!!! तुझी टाकी आत्ता मुलुंडकरांच्या पहिल्या दिवसावर आहे. अमोनिया १, पीएच ६, नळ बहुतेक ७.५. तू थेंबाथेंबाने जा. रोज दहा टक्के, नळाचं, अँटीक्लोरीन टाकून, भांड्यातून बारीक एअरची नळी लावून गाठ मारून ठिबकत सोड. खाणं पूर्ण बंद, म्हणजे नवीन अमोनिया कमी येईल. पीएच रोज मोज, दिवसाला ०.२-०.३ पेक्षा जास्त चढू देऊ नको, सातच्या खाली असेपर्यंत अमोनिया कमी करून घे. आरओ बंद.

गप्पी_परळ
बरं झालं विचारलं. ठिबक लावलं, मोरीत स्टुलावर बादली ठेवून, आजी विचारतेय कोणाला सलाइन लावलंय.

मुलुंडकर_३फुटी
नायट्राइट ० झालं, अमोनिया ०, केएच ४, पीएच ७.४. शिंपल्या घातल्या, बायकोने मोजा बघून जी प्रतिक्रिया दिली ती इथे लिहीत नाही. आता एकच प्रश्न, सकर. एवढ्या सगळ्यात त्याला ओरखडा पण नाही, पण खरंच घाण त्याचीच जास्त आहे आणि तो अजून वाढणार. एक जण म्हणाला पवई तलावात सोडून दे.

शेवाळ्या
अजिबात नाही. हा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, भारतात बऱ्याच तलावांत लोकांनी असाच सोडून धुमाकूळ घातलाय. आपल्या माशांची अंडी आणि शेवाळ खातो, काठाला बिळं करतो, आणि त्याच्या चिलखतामुळे त्याला खाणारं इथे फारसं कोणी नाही. दुकानात परत देता येतो, बरेच जण मोठा सकर घेतात.

दादर_टीटी
माझ्याकडे ५ फुटी आहे, दोन टायगर ऑस्कर आहेत, सकर चालेल मला. रविवारी येऊन घेऊन जाईन. बादलीत नळाचं पाणी घालू नका, टाकीतलंच भरा.

मुलुंडकर_३फुटी
या. तिसऱ्या पण करतो.